विजेचा छोटा टेम्पो हायवेला चालेल का?

विजेवर चालणाऱ्या मालवाहू गाडीची चौकशी आता गावोगाव होते आहे. किंमत किती, बॅटरी किती वर्षे टिकते, हे सगळेच विचारतात. पण कवठे येमाई परिसरातील शेतकऱ्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो, आणि तो रास्त आहे: “साहेब, भरल्या गाडीला पिकअप आहे का? नगर रोडला मागून ट्रेलर आला तर निघेल का?” हा प्रश्न जिवाशी निगडित आहे, म्हणून आज त्याचाच हिशेब मांडू.

जुनी गाडी आठवा

२००५ साली टाटांचा ‘एस’ म्हणजे आपला छोटा हत्ती आला, तेव्हा त्याचे डिझेल इंजिन अवघे १६ अश्वशक्तीचे होते. तरी आपण त्यातून कांदा नेला, तरकारी नेली. जून २०२५ मध्ये ‘एस प्रो’ ही गाडी पेट्रोल आणि वीज अशा दोन्ही प्रकारांत बाजारात आली. त्या वेळी पेट्रोल गाडीची सुरुवातीची किंमत ३ लाख ९९ हजार, तर विजेच्या गाडीची साडेसहा लाख रुपये होती. दोन्हींची भारक्षमता ७५० किलो. पेट्रोलची ताकद ३० अश्वशक्ती, विजेची ३८. महिंद्राची ‘झिओ’ ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिची मोटार ३० किलोवॅटची, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्तीची आहे. तेव्हा ताकद कमी पडेल, ही भीती निदान कागदावर तरी खरी नाही.

ओढ वेगळी, वेग वेगळा

इंजिनाला ओढ यायची तर आधी त्याचे फेरे वाढवावे लागतात, क्लच-गिअरची खटपट करावी लागते. विजेच्या मोटारीचे तसे नाही. तिची पूर्ण ओढ गाडी उभी असतानाच हजर असते. म्हणून सिग्नलला, चढाला किंवा शेताच्या बांधावरून सडकेवर चढताना ही गाडी चटकन उचलते. ताशी ३०-४० पर्यंत तक्रारीला जागा नाही.

पुढे मात्र चित्र बदलते. मोटारीची शक्ती ठरलेली असते. वेग वाढत गेला की त्याच शक्तीत ओढ कमी होत जाते, आणि वाऱ्याचा अडथळा वाढत जातो. त्यामुळे ४० वरून ६० ला जाताना गाडी दमल्यासारखी वाटते. विक्रेता मोकळी गाडी चौकात फिरवून दाखवतो आणि आपण खूश होतो. हायवेची परीक्षा त्यात होतच नाही.

पंधरा सेकंदांचा हिशेब

गाडी, माल आणि चालक मिळून पावणेदोन टन वजन धरा. ३८ अश्वशक्तीची मोटार ते ताशी ६० च्या वेगाला न्यायला कागदावर आठ-नऊ सेकंद घेते. पण वारा, टायरचे घर्षण, रस्त्याचा चढ आणि सुरुवातीला पूर्ण शक्ती वापरात न येणे हे सगळे धरून आपण पंधरा सेकंद मोजावेत.

या पंधरा सेकंदांत तुमची गाडी सव्वाशे मीटर पुढे जाते. मागून ताशी ८० ने येणारी गाडी तेवढ्याच वेळात ३३३ मीटर येते. म्हणजे हायवेला लागताना मागची गाडी निदान २५० ते ३०० मीटर लांब हवी. विजेच्या दोन खांबांत पन्नास मीटर धरले, तर पाच-सहा खांब मोकळे दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर थांबा.

खरा धोका ओव्हरटेकचा

‘झिओ’चा कमाल वेग ताशी ६० आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मालगाडीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८० आणि साध्या रस्त्यावर ६० ही मर्यादा आहे. म्हणजे मलठणच्या रस्त्याला ६० ची गाडी कायद्याने मागे पडत नाही. पण ताशी ५० ने चाललेल्या लांब ट्रेलरला ६० ने ओलांडायला अठरा सेकंद लागतात, आणि त्यात ३०० मीटर रस्ता जातो. समोरून ८० ने येणारी गाडी तेवढ्यात ४०० मीटर पुढे आलेली असते. एकूण ७०० मीटर रस्ता मोकळा हवा. दुपदरी रस्त्यावर तो क्वचितच मिळतो. म्हणून नियम एकच: ट्रेलरमागे गपगुमान चाला, पाच मिनिटे उशीर झाला तरी चालेल.

माल किती भरायचा?

७५० किलो म्हणजे पन्नास किलोच्या पंधरा कांदा गोण्या. आपली सवय तीस भरायची. तसे केले तर वेग घ्यायला जवळपास दीडपट वेळ लागेल, आणि ब्रेक लागायलाही अंतर वाढेल. वरचा सगळा हिशेब तिथे कोलमडतो.

घेण्यापूर्वी हे करा

१. स्वतःच्या पंधरा गोण्या भरूनच गाडी चालवून पाहा.
२. शेजारी बसलेल्याने मोबाईलवर वेळ मोजावी: शून्य ते ६०, आणि ३० ते ६०. शून्य ते ६० पंधरा सेकंदांत झाले तर ठीक. वीसच्या पुढे गेले तर ती गाडी गावरस्त्याला ठेवा, हा माझा ठोकताळा आहे.
३. बचतीच्या मोडवर आणि बॅटरी उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही वेळी ओढ कमी होऊ शकते.
४. ‘एस प्रो’ची प्रमाणित धाव एका चार्जिंगला १५५ किलोमीटर आहे. भरल्या गाडीने हायवेला ती कमी भरणार. आपल्याकडून गुलटेकडीचे मार्केट यार्ड सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे. पुण्यात चार्जिंगची सोय आधी बघा, मगच निघा.

शिरूर, मंचरचा बाजार आणि रोजची तरकारी यासाठी ही गाडी उत्तम. वाघोली-शिक्रापूरच्या कोंडीत तर ती इंजिनाला भारी पडेल, कारण तिथे वेग नाही, नुसते थांबणे-निघणे आहे. मात्र रोज रात्री हायवेने लांब पल्ला गाठायचा असेल, तर मोठ्या ताकदीची गाडी घ्यावी.

सरपंच व ग्रामसेवक यांना एक विनंती. गावरस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथल्या बाभळी आणि शुभेच्छांचे फलक काढून घ्या. पाच खांब मोकळे दिसायला हवेत, हे वर सांगितले. फलकाआडून ते दिसणार नाहीत, मग गाडी विजेची असो नाहीतर डिझेलची.