फुलं पाठवायची, पण कुणाच्या हाती?

सॅन होजेतल्या मुलीने आईच्या साठीला डोंबिवलीत गुलाब पाठवले, असं आपण सहज म्हणून जातो. कॅलिफोर्नियातून मात्र एक पाकळीही निघालेली नसते. तिकडून निघतात पैसे, पत्ता आणि चार ओळींचा मजकूर. गुलाब मावळातले, ऑर्किड बहुधा थायलंडचं, गुच्छ बांधणारा डोंबिवलीचा, आणि लिफ्ट बंद असली तर तो घेऊन चौथ्या मजल्यावर चढणारा मुलगाही तिथलाच. मुलीने खरं तर एका अनोळखी दुकानदाराला सांगितलेलं असतं, ‘माझ्या वतीने तू फुलं निवड.’ या धंद्याला आता शंभरावर वर्षं झाली. तार गेली, फोन आला, मग संकेतस्थळं आणि ॲप आली. प्रश्न तोच राहिला. शेवटच्या दुकानदारावर किती भरवसा टाकायचा, आणि आपल्या पैशांतले त्याच्यापर्यंत किती पोचतात?

तारेने गेलेला निरोप

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात फुलं पार्सलाने परगावी जात, आणि पोचेपर्यंत त्यांनी मान टाकलेली असे. बर्लिनचा फुलविक्रेता माक्स ह्यूबनर याने १९०८ मध्ये यावर साधा तोडगा काढला. गावोगावच्या दुकानदारांची साखळी बांधायची. बर्लिनच्या गिऱ्हाइकाला म्युनिकला फुलं द्यायची असतील, तर बर्लिनने फक्त मागणी कळवायची आणि फुलं म्युनिकच्या दुकानदाराने आपल्याकडची द्यायची. दोन वर्षांनी, १९१० मध्ये, अमेरिकेतल्या पंधराएक दुकानदारांनी एकत्र येऊन हेच काम तारेवर सुरू केलं. ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ हे त्यांच्या संघटनेचं नाव. पायाला पंख असलेला रोमन देवदूत मर्क्युरी १९१४ पासून तिचं बोधचिन्ह झाला. १९२३ मध्ये ब्रिटनचे दुकानदार या जाळ्यात आले. १९४६ मध्ये अमेरिकन, ब्रिटिश आणि युरोपीय संघटनांनी मिळून ‘इंटरफ्लोरा’ उभी केली. देशोदेशीच्या चलनांचा घोळ मिटवायला तिने आपसातल्या हिशेबासाठी ‘फ्लुरिन’ नावाचं स्वतःचं एककही काढलं.

या जाळ्याचा फायदा ताज्या फुलांपुरता नव्हता. कुठे काय चालतं, हे त्या गावच्या दुकानदाराला ठाऊक असतं. आपण मार्गशीर्षातल्या गुरुवारी शेवंती आवर्जून आणतो. फ्रान्समध्ये शेवंती कबरीवर वाहायची, कुणाच्या घरी जेवायला जाताना न्यायची नाही. रशियात समसंख्येची फुलं अंत्यविधीला देतात, वाढदिवसाला विषमच हवीत. पुण्याहून मॉस्कोतल्या मित्राला हौसेने डझनभर गुलाब सांगितले, तर तिथला जाणता दुकानदार एखादं फूल कमी-जास्त करून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट १९०८ सालचीच. अमेरिकेतल्या ॲना जार्व्हिस यांनी त्या वर्षी १० मे रोजी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनच्या चर्चला ५०० पांढरी कार्नेशन धाडली. स्वतः त्या फिलाडेल्फियात होत्या. पुढे १९१४ मध्ये मातृदिन सरकारमान्य झाला आणि फुलविक्रेत्यांनी तो असा उचलून धरला, की त्याच ॲनाबाई बाजारूपणाविरुद्ध त्यांच्याशी उभा दावा मांडून बसल्या. आज मातृदिन आपल्याकडेही आला आहे, तोही मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, ऐन उन्हाळ्यात. नागपूरच्या उन्हात दुपारी दोनला दुचाकीवरून निघालेला गुच्छ मातोश्रींपर्यंत कोणत्या अवस्थेत पोचतो, याचा विचार तारीख ठरवणाऱ्यांनी केलेला नव्हता.

आधी होती फुलपुडी

फुलं घरपोच मिळणं मराठी घराला अजिबात नवीन नाही. पुण्या-मुंबईच्या वाड्यांत आणि चाळींत भल्या पहाटे फुलवाला पानात बांधलेली पुडी दाराच्या कडीला अडकवून जात असे. दोन जास्वंदी, थोडी तगर, तुळस, बेल, सोमवारी-गुरुवारी वेगळा माल आणि महिन्याचं बिल एकदम. संकष्टीला दूर्वा लागणार, हे त्याला सांगावं लागत नसे. अजूनही अनेक सोसायट्यांत ही पुडी येते, फक्त पानाच्या जागी प्लास्टिकची पिशवी आली. बेंगळुरूच्या ‘हूवू फ्रेश’ने २०१९ पासून पूजेची फुलं खोक्यात भरून विकायला घेतली तेव्हा त्याचं मोठं कौतुक झालं. आपल्या फुलवाल्याने हेच काम ना नाव लावता, ना जाहिरात करता पिढ्यान्‌पिढ्या केलं होतं.

पुडी देवासाठी. माणसासाठी गजरा, वेणी, हार. गोव्यात आणि तळकोकणात अबोलीची वेणी, घाटावर मोगऱ्याचा गजरा. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला फूल दिल्याखेरीज पाठवायचं नाही. ही देवाणघेवाण हातोहात व्हायची. दुसऱ्याच्या हातून फूल पाठवणं, तेही कागदात गुंडाळून आणि चिठ्ठी लावून, ही शहरी साहेबी रीत सत्कार समारंभांतून आणि सिनेमातून मध्यमवर्गापर्यंत आली. तिच्याशी आपलं कधी पुरतं जमलं नाही. व्यासपीठावर पाहुण्याला दिलेला पुष्पगुच्छ पुढच्या क्षणी कार्यकर्त्याच्या हातात जातो आणि कार्यक्रम संपल्यावर खुर्चीवर राहतो. ‘बुके नको, बुक द्या’ ही घोषणा निघाली ती याच अनुभवातून. घरी आलेल्या गुच्छाचं तसं होत नाही. तो एका माणसासाठी आलेला असतो आणि दोन-चार दिवस टीपॉयवर मुक्काम ठोकतो. म्हणून सभागृहातला गुच्छ उतरणीला लागला, तरी दारात येणारा वाढत राहिला.

भारतात या धंद्याला दुकानांची साखळी मिळाली ती १९९४ नंतर, विकास गुटगुटिया यांनी दिल्लीत ‘फर्न्स एन पेटल्स’ काढल्यावर. त्याआधी फूलवाला म्हणजे बहुधा मंदिराजवळची टपरी. काचेचं वातानुकूलित दुकान, छापील किंमत आणि गावोगावी शाखा हे सारं नंतरचं. इंटरनेट आलं आणि परदेशातला मुलगा थेट गिऱ्हाईक झाला. डॉलरमध्ये कमावणारा तो, गुच्छ स्वीकारणारे आई-वडील कोथरूड, ठाणे किंवा नाशिकमध्ये. आजच्या पुष्पभेटीचा मोठा आधार हे असे वाढदिवस आणि लग्नाचे पन्नासावे वाढदिवस आहेत.

मावळातून दादरला

गुच्छातला लांब दांड्याचा गुलाब बाजारात ‘डच गुलाब’ म्हणून ओळखला जातो, पण तो पिकतो आपल्या मावळात. तळेगाव दाभाडेला औद्योगिक महामंडळाचं फ्लोरिकल्चर पार्क आहे, आणि पॉलिहाउसची शेती शिकवणारं प्रशिक्षण केंद्रही. ‘ताजमहाल’, ‘टॉप सीक्रेट’ हे लाल वाण, ‘गोल्ड स्ट्राइक’ पिवळा, ‘ॲव्हलांच’ पांढरा. फूल कळी असतानाच कापतात, लगेच पाण्यात उभं करतात, दांड्याच्या लांबीप्रमाणे ४०, ५०, ६० सेंटिमीटर अशी प्रतवारी करतात, २० नगांची गड्डी बांधून शीतगृहात ठेवतात.

या शेतीचा सगळा जीव १४ फेब्रुवारीत. त्या दिवसाची तयारी डिसेंबरच्या मध्यालाच सुरू होते. झाडाच्या फांद्या वाकवून आणि छाटून फुटवे असे धरायचे की कळ्या जानेवारीच्या अखेरीस कापणीला याव्यात. थंडी जास्त पडली तर कळी मागे राहते, ऊन वाढलं तर आधीच उमलते. परदेशी जाणारा माल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात विमानात चढलाच पाहिजे. त्यानंतर कापलेला गुलाब देशातल्या बाजाराला जातो. १५ तारखेला त्याच गड्डीला कुणी विचारत नाही.

घाऊक बाजार दोन मोठे. पुण्यात गुलटेकडीचं मार्केट यार्ड, मुंबईत दादर स्टेशनलगतची मीनाताई ठाकरे फूल मंडई. दादरला पहाट होण्याआधीच गर्दी असते. वसईची तगर आणि सोनचाफा, जव्हारकडचा मोगरा, नगर-पुण्याकडचा झेंडू आणि शेवंती, बेंगळुरूची कार्नेशन आणि जिप्सोफिला, सगळं उजाडण्यापूर्वी उतरतं. उपनगरातला दुकानदार सकाळच्या लोकलने माल घेऊन परततो. आपण दुपारी निवांत मोबाइलवर निवडलेला गुच्छ त्याने पहाटे काय उचललं त्यावर ठरलेला असतो.

कात्री चालते ती बाजू

दुकानाच्या मागच्या बाजूला उभं राहिलं की किंमत कुठे जाते ते कळतं. गुलाबाच्या बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या डागाळलेल्या असतात. शेतात त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, आतल्यांना मार लागू नये म्हणून. दुकानदार त्या अलगद उपटतो, काटे आणि खालची पानं काढतो, दांडा तिरका कापतो. जरबेराची मान लगेच वाकते, म्हणून दांड्यावर प्लास्टिकची नळी चढवतो. लिलीच्या उमललेल्या फुलातले परागकोश चिमटीने खुडतो, नाहीतर ते केशरी डाग साडीवरून जात नाहीत. मग एकेक दांडा एकाच दिशेला तिरका ठेवत डाव्या मुठीत गुच्छ फिरवत नेतो. दांडे नीट गुंफले गेले असले तर गुच्छ टेबलावर बिनाधाराचा उभा राहतो. पाच-सात मिनिटांचं काम, पण हात बसायला वर्षं जातात. बांधणाऱ्याचं नाव मात्र चिठ्ठीवर कधी येत नाही.

त्यानंतरचा टप्पा पत्त्याचा. ‘गणपती मंदिरामागे, जुन्या रेशन दुकानाशेजारी’ हा पत्ता अमेरिकेतून लिहिलेला असतो, आणि रेशन दुकान जाऊन तिथे जिम आलेली असते. मग मुलगा फोन करतो, ‘आजी, फुलांचं पार्सल आहे, लोकेशन टाका ना.’ आजींना फसवणुकीच्या फोनची इतकी धास्ती बसवलेली असते, की ‘आम्ही काही मागवलं नाही’ म्हणून त्या फोन ठेवून देतात. गंमत गुपचूप पोचवायची असेल, तर सोसायटीतल्या एका विश्वासू शेजाऱ्याचा नंबर द्यावा, हे अनुभवी दुकानदार आता स्वतःच सुचवतात.

हजारातले किती?

जुन्या अमेरिकन पद्धतीत मागणी घेणारा दुकानदार साधारण २० टक्के स्वतःकडे ठेवायचा, मधली संघटना आपला वाटा घ्यायची आणि उरलेलं बांधणाऱ्याला मिळायचं. दोघेही दुकानदार असल्याने आज घेणारा उद्या देणारा असे, त्यामुळे तोल राहायचा. पोर्टलने हा तोल मोडला. ते फक्त मागणी गोळा करतं, फुलाला हातही लावत नाही. समजा हजार रुपयांची मागणी आहे. जाहिरात, कमिशन, घरपोच सेवा वजा जाता बांधणाऱ्याच्या हाती सहाशे उरले, तर तो सहाशेंचाच गुच्छ बांधणार. चित्रात पंचवीस गुलाब, दारात पंधरा आणि भर घालायला हिरवी पानं. तक्रार आली की बोल मात्र दुकानदाराला लागतो.

अमेरिकेत काही कंपन्या स्थानिक नाव आणि स्थानिक फोन नंबर लावून आपण त्याच गावचे असल्याचं भासवत. हे इतकं बोकाळलं की अनेक राज्यांना फुलविक्रेत्यांनी पत्त्याबाबत दिशाभूल करू नये, असे खास कायदे करावे लागले. आपल्याकडेही गावाचं नाव जोडलेली असंख्य पानं शोधात वर दिसतात. त्यातलं खरं दुकान कुठलं, हे ओळखायला एक फोन पुरतो. ‘आज काय ताजं आलंय?’ असं विचारावं. दुकानदार लगेच सांगेल, मधला माणूस संकेतस्थळ बघायला सांगेल.

नकली फुलं, खरा कचरा

आढाव्यात दोन अप्रिय गोष्टी नोंदवायला हव्यात. पहिली, प्लास्टिकची फुलं. मंडपांतून आणि सभागृहांतून ती खऱ्या फुलांची जागा खात आहेत आणि त्यांच्यावर बंदी घालावी म्हणून उत्पादक शेतकरी राज्य सरकारकडे आणि मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. दुसरी, टोपलीच्या तळाशी असलेली हिरवी वीट. हा फुलांचा फोम १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत निघाला. पाणी धरून ठेवतो, फुलं हवी तशी खोचता येतात. पण तो कुजत नाही, भुगा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो हद्दपार केला. खरी फुलं पाठवून प्लास्टिकवर मात केली असं समजणाऱ्याने टोपलीऐवजी मुठीतला गुच्छ मागावा; तो स्वस्त पडतो आणि पाण्यात जास्त टिकतो.

पाठवणाऱ्याने काय करावं?

घेणाऱ्याच्या वस्तीतलं दुकान शोधावं, एकदा बोलावं, नंबर जपून ठेवावा. ठरावीक चित्राचा हट्ट सोडून रक्कम सांगावी आणि निवड त्याच्यावर सोपवावी. ज्याला आपल्या मर्जीने बांधायला मिळतं तो पहाटेच्या मालातली चांगली काडी बाजूला काढतो. घेणारी व्यक्ती रुग्णालयात असेल तर आधी चौकशी करावी, अतिदक्षता विभागात फुलं आत सोडत नाहीत. तिथे डिस्चार्जनंतर घरी पाठवलेली बरी.

आणि दिवस निवडावा. दसऱ्याला, लक्ष्मीपूजनाला दुकानदाराचे दोन्ही हात झेंडूच्या हारांत अडकलेले असतात. त्या दिवशी गुच्छ मागितला तर घाईचा आणि महागाचा मिळतो. चौदा फेब्रुवारीची तीच कथा. भाऊबीज होऊन जाऊ द्यावी आणि मग एखाद्या साध्या बुधवारी पाठवावीत. दुकानदाराला वेळ असतो, माल उतरलेल्या भावात मिळतो, आणि ‘आज काय विशेष?’ हे विचारायला आईला स्वतःहून फोन करावा लागतो.