भाकरी सोडावी की कमी करावी?

रक्तातली साखर वाढली की 'भात-पोळी बंद करा' असा सल्ला पहिल्यांदा मिळतो. कमी कर्बोदकांच्या आहाराचा फायदा खरा आहे. पण तो किती आणि कुणाला, हे वाशिम जिल्ह्यातले ताट समोर ठेवून पाहू.

ताटात काय असते?

100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके असतात, कणकेत 64 आणि तांदळात 78. म्हणजे पोळी सोडून तेवढीच भाकरी खाल्ली, तर कर्बोदके कमी होत नाहीत. ज्वारी-गव्हात तंतू मात्र पांढऱ्या तांदळाच्या तिपटीहून जास्त. उपवासाचा साबुदाणा तर जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात रेशनवर मिळतो तो गहू आणि तांदूळ, त्यामुळे गरीब घरात पोट भरते ते यांवरच.

फायदा किती?

कर्बोदके घटवली की जेवणानंतरची साखर कमी चढते, ट्रायग्लिसराइडही उतरतात. पहिल्या आठवड्यात झपाट्याने घटणारे वजन बरेचसे पाण्याचे असते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2018 मध्ये 609 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे वजन सरासरी 6 किलोने, तर कमी स्निग्धांश खाणाऱ्यांचे 5.3 किलोने घटले. हा फरक नगण्यच.

भारतीयांसाठी प्रमाण

आपल्याकडे जवळपास 62 टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब अभ्यासाने 2022 मध्ये मधुमेह आटोक्यात येण्यासाठी सुचवले ते असे: कर्बोदके 49 ते 54 टक्के, प्रथिने 19 ते 20 टक्के. म्हणजे कपात हवी, पण भाकरीला रामराम ठोकण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात गाजलेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचा, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभा असलेला आहारक्रम वेगळा आहे. त्यात भर आहे तो दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांत जेवण्यावर.

कुणी जपावे?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी अचानक जेवण बदलले, तर साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर कर्बोदके फारच तोडली, तर रक्तातले आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर आणि स्तनदा माता यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नये. दिवसभर निंदण-खुरपण करणाऱ्या माणसाला बसून काम करणाऱ्याचे माप लावू नये.

शेतातलेच ताटात

सोयाबीन, तूर, हरभरा ही जिल्ह्याची मुख्य पिके. तुरीच्या डाळीत सुमारे 22 टक्के प्रथिने, सोयाबीनमध्ये 36 टक्क्यांच्या आसपास. डाळीतही कर्बोदके असतात, म्हणून ती भाकरीच्या जोडीला जादा नव्हे, बदली घ्यायची.

- एक भाकरी कमी करून घट्ट वरण, झुणका किंवा तुरीच्या सोल्यांची भाजी वाढवा.
- नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून दळा. कच्चे सोयाबीन नीट पचत नाही. आधी उकळून, कडक वाळवून घ्या.
- चहातली साखर, बिस्किटे आणि साबुदाणा आधी कमी करा, भाकरीचा नंबर नंतर.

बहुतेकांसाठी निर्णय साधा आहे: भाकरी राहू द्या, तिचा वाटा घटवा आणि सोयाबीन-तूर विकताना घरासाठीही थोडी बाजूला काढा. मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर पहिला बदल डॉक्टरांना सांगूनच करा.