गोठविलेला पराठा आणि अमेरिकेचा बाजार

पराठे लाटले, गोठविले व जहाजावर चढविले की निर्यात झाली, असा सयाजीगंजातील कित्येक व्यापारी बंधूंचा समज आढळतो. अमेरिकेपुरते तरी हे खरे नव्हे. तेथील २००२ च्या कायद्यान्वये कारखान्याची नोंदणी त्यांच्या अन्न व औषध प्रशासनाकडे व्हावी लागते, तिकडे एक प्रतिनिधी नेमावा लागतो आणि माल पोहोचण्यापूर्वी आगाऊ सूचना द्यावी लागते. दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नोंदणीचे नूतनीकरण न केल्यास ती संपुष्टात येते.

मालास उणे १८ अंशांची थंडी अखंड हवी. वाटेत वितळून पुन्हा गोठला की पदर चिकटले. (रात्र उलटलेली पोळी शिळी मानणाऱ्या आम्हांस हा व्यवहार थोडा चमत्कारिकच वाटतो!)

परंतु खरी मेख वेष्टनावरील मजकुरात आहे. गहू व दूध हे वावडे उत्पन्न करणारे पदार्थ म्हणून स्पष्ट छापावे लागतात. १ जानेवारी २०२३ पासून त्यांत तिळाची भर पडली. संक्रांतीस आपण वाटतो तोच तीळ! पराठ्यात तो घातला आणि वेष्टनावर नोंदविला नाही, तर माल नाकारला जाऊ शकतो. नाकारलेला माल ९० दिवसांत परत न्यावा अथवा नष्ट करावा लागतो, आणि भाडे दोन्ही वेळचे आपल्याच माथी.