धूर जातो कुठे?

चुलीचा धूर, रस्त्यावरची धूळ, समुद्राच्या तुषारांतून सुटलेले मिठाचे कण. हवेत तरंगणाऱ्या अशा सूक्ष्म घन वा द्रव कणांना एरोसॉल म्हणतात. हे कण जड असूनही खाली का पडत नाहीत?

पडतात, पण फार सावकाश. १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा, पाण्याइतक्या घनतेचा कण स्थिर हवेत तासाला सुमारे १२ सेंटिमीटर उतरतो. १०० मीटर खाली यायला त्याला महिना लागेल! म्हणजे त्याचा प्रवास मुख्यतः हवाच ठरवते.

हिवाळ्यात रात्री जमीन निवते. तिच्यालगतची हवा थंड व जड होते. वर तुलनेने उबदार हवा असते. अशा वेळी हवा वर चढत नाही. म्हणून सकाळी लेण्याद्रीवरून पाहिल्यास कुकडीच्या खोऱ्यातला धूर झाकण ठेवल्यासारखा आडवा पसरलेला दिसतो. ऊन तापले की हवा वर उसळते आणि धूर उंचावर मिसळतो.

ही उंची मोजायची कशी? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत १९८६ मध्ये लेसर किरण आकाशात सोडून असे मापन सुरू झाले. कणांवरून विखुरलेला प्रकाश काही अंतरावरच्या दुर्बिणीने टिपायचा. दुर्बिणीचा कोन आणि पायाचे अंतर माहीत असले की उंची मिळते. दहावीची त्रिकोणमितीच ही!

आणि आडवा प्रवास? पाऊस नसेल तर बारीक कण आठवडाभर हवेत राहतात. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्याबरोबर ते तेवढ्यात सुमारे ३,००० किलोमीटर जातील. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' प्रयोगात विमाने, उपग्रह व 'सागरकन्या'सारख्या जहाजांनी हेच तपासले. भारतीय उपखंडावरचे धुरकट हिंदी महासागरावर दूरवर पसरलेले आढळले.

विद्यार्थ्यांना हिवाळ्यात आठवडाभर सकाळी ७, १०, दुपारी १ व ४ वाजता निरीक्षण करू द्या. धूर सरळ चढतो की आडवा वळतो? जुन्नरच्या शाळेतून शिवनेरी केव्हा स्पष्ट दिसतो? त्यासाठी मुद्दाम काही जाळू मात्र नये. नोंदींवरून एक गोष्ट मुलांच्याच लक्षात येईल: उसाचे पाचट सकाळी पेटवले तर धूर गावाच्याच नाकाशी घुटमळतो. दुपारी पेटवले तर तो वर जातो, पण नाहीसा होत नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी हवेत जातो.