अल्पमोली विद्युत-गिटार

जयपूरहून टोंककडे जाणारा रस्ता सांगानेर मागे टाकून पुढे गेला, की सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. रत्नांना पैलू पाडणारे कारखाने, निर्यातीच्या कपड्यांचे कारखाने आणि त्यांच्या आसपास उभी राहिलेली अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये असा हा संमिश्र परिसर असून, तेथील वसतिगृहांत राहणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला वादनाचा नाद लागतो, त्याच्या हाती बहुधा इंडोनेशियात किंवा चीनमध्ये घडलेली, घरून आलेल्या पैशांत काटकसर करून घेतलेली विद्युत-गिटार असते. मातब्बर वादक या जिनसेकडे उपेक्षेने पाहतात आणि ती लवकर विकून टाकण्याचा सल्ला देतात. माझे मत नेमके उलट आहे. अल्प मोलाची गिटार संग्रहास आणि अभ्यासास सर्वथैव योग्य आहे, कारण तिचा सूर सुधारण्याची बहुतेक कामे घरच्या टेबलावर स्वतःच्या हाताने करता येतात, आणि ती करताना वाद्याच्या अंतरंगाचा जो परिचय होतो तो, ज्याचा स्क्रू फिरवण्याचेही धैर्य होत नाही अशा महागड्या वाद्याकडून सहसा होत नाही.

या वाद्याची वंशावळ राजस्थानला परकी नाही. जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये विक्रीस आणलेली पहिली यशस्वी विद्युत-गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती, आणि ती मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने, म्हणजे हवाईयन पद्धतीने, वाजवली जाई. त्याच आडव्या बैठकीच्या गिटारवर जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीत प्रतिष्ठित केले, आणि पुढे जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी तिला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली. भट्टांनी १९९२ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात राय कूडर या अमेरिकन वादकाबरोबर जे ध्वनिमुद्रण केले, त्याला १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्या मुद्रणातील वाद्ये विजेवरची नव्हती. परंतु या कूडरच्या नित्य वापरातील स्ट्रॅटोकास्टर गिटारवर एक पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारा भाग, टेस्को नावाच्या स्वस्त जपानी गिटारमधून काढून बसवलेला आहे, आणि दुसरा मांडीवरच्या एका जुन्या अमेरिकन गिटारचा आहे. हवे ते वाद्य विकत घेण्याची ऐपत असलेल्या वादकाने सोनेरी पत्र्याआडचा हा मामुली पिकअप मुद्दाम शोधून निवडावा, यातच त्याच्या कानाची सचोटी दिसते.

मूल्य आणि नाद यांचा संबंध किती सैल असतो, याचा याहून ठळक दाखला न्यू जर्सीच्या नेथन डॅनियल यांच्या डॅनिलेक्ट्रो गिटारीत सापडतो. १९५० च्या दशकात त्यांनी लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी तंतूंचे, तक्ते बसवून गिटारी केल्या आणि त्यांचे पिकअप ओष्ठरंगाच्या धातूच्या नळ्यांत भरले. सिअर्स कंपनीच्या सूचिपत्रातून सिल्व्हरटोन या नावाने टपालाने घरोघरी गेलेल्या त्या गिटारी आज संग्राहक जपून ठेवतात. जपानी नकलांना शह देण्यासाठी अमेरिकन फेंडर कंपनीने १९८२ मध्ये काढलेल्या स्क्वायर मालिकेतील आरंभीच्या जपानी गिटारींचेही तसेच झाले.

आता प्रत्यक्ष सुराकडे वळू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे; वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण प्रवाह निर्माण होतो. स्वस्त गिटारीत बहुधा लोखंडी खुंटांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते, आणि तिचा नाद काहीसा तिखट असला तरी त्याला असाध्य दोष मानण्याचे कारण नाही. खरी खोड पुष्कळदा उंचीत असते. आवाज मोठा यावा म्हणून पिकअप तारांच्या फार जवळ आणला, की चुंबक तारेलाच ओढू लागतो, कंपनात बिघाड होतो, आणि जाड तारेचा वरचा स्वर दुहेरी, बेसूर ऐकू येतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरावी. बारीक तारेखाली दोनएक मिलिमीटर आणि जाड तारेखाली त्याहून किंचित अधिक अंतर राहील इतका पिकअप उतरवावा, आणि तेथून अर्धा-अर्धा आटा फिरवीत कानाने निर्णय घ्यावा. प्रथम आवाज उणावल्यासारखा वाटतो. तो ॲम्प्लिफायरवर वाढवून घेतला, की एकाच झणत्कारात लोपलेल्या सहा तारा निरनिराळ्या ऐकू येऊ लागतात.

जयपूरच्या हवेचे एक निराळे प्रकरण आहे. दमट प्रदेशात घडलेली मान येथील वैशाखात सुकून आकसते, परंतु धातूचे पडदे आकसत नाहीत. परिणामी त्यांची टोके कडेबाहेर येतात आणि सरकणाऱ्या तळहाताला बोचतात. लाकडाला चिकटपट्टी लावून बारीक कानसीने ती टोके गोल करणे हे एका दुपारचे काम आहे. तारा खरखरू लागल्या तर मानेचा बाक सावरणारी ट्रस रॉड ही आतली सळई एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि एक रात्र वाट पाहावी, कारण लाकूड आपल्या गतीने वळते. कोकणातल्या पावसाळ्यात हीच मान उलट दिशेने वाकून तारा उंचावते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात ती नट नावाची पट्टी. कारखान्यात तिच्या खाचा बहुधा उथळ ठेवतात. म्हणून पहिल्या पडद्यावर तार अधिक ताणून दाबावी लागते आणि तेथील प्रत्येक स्वर चढा लागतो. शिकलगारांच्या घराण्यांतून तंबोऱ्याची परंपरा उभी राहिलेल्या मिरजेत, घोडीचा माथा कणाकणाने घासून जवारी काढणारा कारागीर जे कसब दाखवतो, त्याच जातीचे काम येथे आहे: एकदा घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. खाच एकदा अधिक खोल गेली तर पट्टी बदलावी लागते, पण हाडाची नवी पट्टी फारशी महाग नसते. आणि हात बसवण्यासाठी स्वस्त गिटारीसारखी उदार शिक्षिका नाही.

एकेरी गुंडाळीचे पिकअप ५० आवर्तनांच्या विजेचा घुंकार पकडतात. गिटारच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती भूतारेला जोडली, तर अवांतर खरखर बरीच शमते. मूळ घुंकारावर मात्र १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी योजलेला दुहेरी गुंडाळीचा हंबकर हा इलाज. हंबकर घेताना आवाज व सूर कमीजास्त करणारे जुने २५० किलो-ओहमचे नियंत्रक ठेवले तर नाद दबका होतो. त्यास ५०० किलो-ओहमचे लागतात. ही सारी दुरुस्ती संपल्यावर हाती पैसे उरले, तर ते दुसऱ्या गिटारीपेक्षा बऱ्या स्पीकरच्या ॲम्प्लिफायरवर खर्चावेत, कारण पिकअपचा क्षीण प्रवाह अखेर तेथेच नाद होतो.

संग्रहासाठी जुनी गिटार घेताना मी रंग आणि चकाकी पाहत नाही. खुंट्या, खटके, पिकअप, घोडी हे सर्व बदलता येते. मान मुरडलेली असेल किंवा ट्रस रॉड फिरतच नसेल, तर ती गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.