अकरा फूट पाणी

संपादकांना हवा होता पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या मराठा पलटणींवर लेख. कुर्ण्याच्या 1915 सालच्या लढाईचं वर्णन वाचायला घेतलं आणि पलटणींच्या मागे उभी असलेली एक डोलकाठी नजरेतून हलेना. त्यामुळे हा लेख त्या डोलकाठीच्या जहाजाचा आहे.

'एस्पीगल' ही ब्रिटिश नौदलाची स्लूप, म्हणजे छोटेखानी युद्धनौका. इंग्लंडमधल्या शीअरनेसच्या गोदीत ती डिसेंबर 1900मध्ये पाण्यात उतरली. फॅन्टोम, ओडिन, मर्लिन, कॅडमस आणि क्लायो या तिच्याच घाटाच्या पाच बहिणी. वजन 1,070 टन, चार इंची सहा तोफा, वेग ताशी 13 नॉट. अंग पोलादाचं, पोटात वाफेचं इंजिन, आणि वर चक्क शिडं! दूरच्या समुद्रात कोळसा मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून ही दुहेरी सोय. पण डिसेंबर 1901मध्ये याच धाटणीची 'कॉन्डॉर' कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून होनोलुलूला निघाली आणि सगळ्या खलाशांसह वादळात नाहीशी झाली. त्यानंतर नौदलाचा शिडांवरचा विश्वास उडाला. शिडं गेली, काठ्या राहिल्या.

1904मध्ये ॲडमिरल फिशर नौदलाचे प्रमुख झाले. लढायला दुबळी आणि पळायला मंद अशी जहाजं त्यांना डोळ्यांसमोर नको होती. दीडशेच्या वर त्यांनी यादीतून खोडली. एस्पीगल त्यातून वाचली. याच फिशरना जहाजांना कोळशाऐवजी तेल पाजायचा ध्यास होता. ते तेल निघालं इराणात. शत्त-अल-अरब नदीच्या काठी आबादानला शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला आणि 1914मध्ये ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. तुर्कस्तानशी युद्ध पेटण्याआधीच कारखान्याच्या राखणीला नदीत शिरून बसली ती कोण, तर कोळसा खाणारी, फिशरच्या हिशेबात निरुपयोगी असलेली एस्पीगल. त्यांच्या दिमाखदार ड्रेडनॉट नौकांपैकी एकही त्या नदीत मावली नसती.

5 नोव्हेंबर 1914ला युद्ध जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी ओडिनने नदीच्या मुखावरच्या फाव किल्ल्यावर तोफा डागल्या आणि हिंदी फौज उतरली. त्याच महिन्यात बसरा पडलं, डिसेंबरात कुर्णा. हे सगळे टप्पे अधिकृत इतिहासात तपशिलाने आहेत. मला घाई आहे ती पुढच्या मे महिन्याची.

तैग्रिसला पूर आला होता. कुर्ण्याच्या उत्तरेला क्षितिजापर्यंत पाणी, पाण्यात पुरुषभर बोरू, आणि मधूनमधून वर आलेल्या टेकाडांवर तुर्की मोर्चे. फौजेचं नेतृत्व करणाऱ्या जनरल टाउनशेंडने पायदळालाच होड्यांत बसवलं. 'बेलम' नावाच्या स्थानिक लांबट होड्या, काहींना पुढे लोखंडी पत्र्याची ढाल, आणि बांबू रेटत जाणारे शिपाई. त्यांत 103वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, आजची 'जंगी पलटण'. रत्नागिरीच्या पोरांचं एक वेळ समजू शकतो. साताऱ्याकडच्या पोरांनी गोळीबारात होडी कशी हाकली असेल, या विचाराने मी थक्क होतो.

होडीतल्या माणसाला बोरूपलीकडचं काही दिसत नव्हतं. आसपास डोंगर नाही, मनोरा नाही. उंच जागा एकच, एस्पीगलची डोलकाठी. 31 मे 1915च्या सकाळी टाउनशेंडने तिच्यावरच्या माचीतून लढाई चालवली. खाली तोफा टेकाडांवर मारा करत होत्या. शिडांच्या जमान्यातलं अडगळीचं लाकूड त्या दिवशी सेनापतीचे डोळे झालं. जहाजाच्या सगळ्या आयुष्यात मला आवडते ती हीच सकाळ.

दुसऱ्या दिवशी तुर्क पळाले आणि स्लूप त्यांच्या मागे लागल्या. कॅप्टन विल्फ्रिड नन याची एस्पीगल पुढे, क्लायो आणि ओडिन मागे. समुद्रासाठी बांधलेली ही जहाजं नदीच्या वळणांवर काठाला धडकत, पुन्हा प्रवाहाला लागत पुढे सरकत होती. 'मार्मारिस' ही तुर्की गनबोट तोफांच्या टप्प्यात आली, आणि तिच्या लोकांनी ती जळती टाकून दिली.

पण एस्पीगलला तरंगायला 11 फुटांहून थोडं जास्त पाणी लागे, आणि एझ्राच्या कबरीच्या निळ्या घुमटापलीकडे तैग्रिसकडे तेवढं पाणी नव्हतं. तळ घासायला लागला. नन आणि टाउनशेंड 'कॉमेट' नावाच्या लहानग्या नौकेवर चढले आणि मूठभर लोकांनिशी 3 जूनला त्यांनी अमारा शहर घेतलं. हा विजय इतका स्वस्तात पडला की त्याचीच मला धास्ती वाटते. जहाजाच्या तळाने दिलेला इशारा फौजेने मानला नाही. 11 फूट पाणी संपलं तेव्हा पाच फुटांत चालणाऱ्या, मग तीन फुटांत चालणाऱ्या होड्या शोधायला हव्या होत्या. त्या पुरेशा नव्हत्याच. हजारो माणसं, दाणागोटा, जखमी, सगळ्यांचा भार त्याच मोजक्या आगबोटींवर. बगदादच्या वाटेवर टेसिफोनला नोव्हेंबरात फौज अडली. माघारीत, 1 डिसेंबरला, कॉमेट गेली आणि उथळ पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली नवी 'फायरफ्लाय' तुर्कांच्या हाती लागली.

टाउनशेंडची फौज तैग्रिसकाठच्या कुत गावात कोंडली गेली. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. एप्रिल 1916च्या अखेरीस 'जुलनार' ही आगबोट 270 टन शिधा घेऊन रात्रीची निघाली. तीही वाटेत अडकून पकडली गेली. 29 एप्रिलला कुत पडलं. कैदेच्या वाटेवर आणि छावण्यांत भूक, आजार आणि मारझोडीने हिंदी शिपाई मोठ्या संख्येने मेले.

ननने पुढे, 1932 साली, 'तैग्रिस गनबोट्स' हे पुस्तक लिहिलं. ओडिन आणि क्लायो 1920मध्ये मुंबईत विकल्या गेल्या. सप्टेंबर 1923मध्ये एस्पीगलही तिथेच विकली गेली.