तेल-इंजिनातील काजळी : आधी कारण शोधा, मग साफसफाई करा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणारा माग थांबला की उत्पादनही तत्काळ थांबते. विहिरीवरील तेल-इंजिनाचेही तसेच आहे. रब्बी ज्वारी पोटरीत असताना ते बंद पडले, तर हुकलेली पाण्याची पाळी पुन्हा साधता येत नाही. मोटेची जागा घेणाऱ्या या इंजिनांचा प्रसार महाराष्ट्रात 1946 साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या कारखान्यांमुळे झाला. आज वीजपंप आले असले, तरी ट्रॅक्टर व इंजिन यांची निगा शेतकऱ्यास राखावीच लागते.

काजळी का धरते?

डिझेल पूर्ण जळण्यास पुरेशी हवा व बारीक तुषार लागतात. हवेची गाळणी तुंबली, नोझल ठिबकू लागले किंवा इंजिनावर बेसुमार भार पडला, तर इंधन अर्धवट जळते व धूर काळा येतो. रिंगा झिजल्यास वंगण वर चढून जळते. तेव्हा धूर निळसर दिसतो. कठीण झालेली काजळी रिंगा खाचेत जखडते व व्हॉल्व्ह नीट बसू देत नाही. परिणामी दाब घटतो, इंजिन लवकर सुरू होत नाही आणि डिझेल अधिक लागते.

साफसफाईची रीत

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. पाणी काढून हेडचे नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत.

2. पिस्टन वरच्या टोकास आणून त्याच्या कडेने ग्रीस लावावे, म्हणजे पडणारा कण त्यात अडकेल. पाण्याची व वंगणाची छिद्रे कापडाने बंद करावीत.

3. काजळी रॉकेलने भिजवून लाकडी पट्टीने खरवडावी. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर पोलादी पाते चालवू नये. कॉस्टिक सोडाही वापरू नये; तो ॲल्युमिनियम खातो. जवळ विडी वा दिवा नसावा.

4. प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्याच जागी परत बसवावा. धुराचा नळही साफ करावा.

5. कण व ग्रीस पुसून नवे गॅस्केट घालावे. नट मधून कडेकडे, उत्पादकाच्या पुस्तिकेतील मापानुसार आवळावेत व टॅपेटचे अंतर तपासावे.

नोझलची तपासणी कारागिराकडूनच करून घ्यावी. त्याच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. जोराच्या दाबाने डिझेल कातडीत शिरते व गंभीर इजा होते. नव्या ट्रॅक्टरांचे कॉमन रेल इंजिन घरी उघडू नये.

ग्रामसेवक बंधूंनी हंगामापूर्वी गावातील इंजिनांचा धूर पाहून शेतकऱ्यांस वेळीच सूचना द्यावी. काजळी हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. गाळणी, नोझल व रिंगा यांतील दोष तसाच ठेवून केवळ खरवडले, तर थोड्याच दिवसांत ती पुन्हा धरेल आणि केलेला खर्च वाया जाईल.